मूळपुरुषाची खुर्ची

शनिवारी सकाळी दहा वाजता, ब्रॉकमायर कुटुंबाचा मेळावा सुरू व्हायला दोन तास असताना, ज्युडिथने आपल्या आईला जेवणाच्या टेबलामागे ओढलं आणि सांगितलं, "आई, आपण ब्रॉकमायर नाही."

लोरेन त्या वेळी सव्वीस पौंड बटाट्याच्या सॅलडवर गरम व्हिनेगर ओतत होती. ती मूळची सेंट लुईसची, आयरिश घरातली. या कुटुंबात येऊन तिला सत्तावीस वर्षं झाली होती.

"मी तर कधीच नव्हते," ती म्हणाली. "तुझं काय बिघडलं?"

"थट्टा नाही करत. मी नाही, बाबा नाहीत. टिलीआजीसुद्धा नाही."

आता लोरेनने पळी खाली ठेवली.

पत्र मंगळवारी आलं होतं. एर्विनआजोबा फेब्रुवारीत गेले, त्यानंतर ज्युडिथने कुणाला न सांगता जर्मनीत, वेस्टफालियातल्या मूळ गावच्या चर्चला लिहिलं होतं. हेतू चांगला होता. एर्विनची बहीण ऑटिली, म्हणजे सगळ्यांची टिली, हिने सव्वीस वर्षं खपून मूळपुरुष हाइनरिशच्या मागे सहा पिढ्या शोधल्या होत्या, थेट १६३८ पर्यंत. सातवी मिळाली तर मेळाव्यात तिला भेट द्यायची, असा ज्युडिथचा बेत होता. कॉलेजात ती चार वर्षं जर्मन शिकली होती. तेवढ्या खर्चाचं काहीतरी चीज व्हावं, असं वडीलही म्हणत होते. पाद्रीबुवांनी सातवी पिढी पाठवली नाही. अतिशय नम्र भाषेत चार पानं लिहून त्यांनी सहांतल्या पाच काढून घेतल्या.

"तिकडे नाव माणसाचं नसतं गं, जमिनीचं असतं," ज्युडिथ म्हणाली. "ब्रॉकमायर हे शेताचं नाव. मालक वारला, मागे बायको आणि एक मुलगा. बायकोने १८११ मध्ये दुसरं लग्न केलं. दुसरा नवरा, गेर्ड, शेतावर राहायला आला, त्याने आपलं आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि ब्रॉकमायर म्हणून आत शिरला. तिथला रिवाजच तो."

"घरजावई."

"तसंच. आपला हाइनरिश त्या दुसऱ्या नवऱ्याचा मुलगा. शेत गेलं पहिल्याच्या मुलाला. याच्या वाट्याला रंधा आणि करवत."

लोरेनने हे जरा घोळवून पाहिलं. हाइनरिश ब्रॉकमायर, खुर्च्या घडवणारा कारागीर, स्वाभिमानापायी ऐंशी एकरांवर लाथ मारून १८४६ साली हत्यारांची पेटी घेऊन अमेरिकेत मिसूरी नदीच्या काठी उतरला, ही गोष्ट तिने लग्नाच्या आठवड्यातच तीनदा ऐकली होती.

"म्हणजे त्याने लाथ मारली नव्हती."

"खाल्ली होती."

"पण टिलीआत्यांनी तर त्याच चर्चकडून माहिती मागवली होती ना?"

"टिलीआजीने लिहिलं होतं, गेर्डच्या आधीचे सगळे ब्रॉकमायर ओळीने कळवा. तेव्हाच्या पाद्र्याने कळवले. जे मागितलं ते दिलं. ते आपले आहेत का, हे विचारलंच नव्हतं."

"आणि त्या गेर्डचं खरं आडनाव काय?"

ज्युडिथने आधी इकडेतिकडे पाहिलं. "पोलकॉटर."

लोरेनचा हात तोंडावर गेला. तो हसू दाबायला होता की किंकाळी, हे तिलाही लगेच कळलं नाही. "अगं बाई," ती म्हणाली. "तुझी सख्खी आजी!"

*

लोरेनच्या नवऱ्याला, रोलंडला सांगितलं तेव्हा तो अक्रोडाच्या झाडाखाली टेबलं मांडत होता. नॉयेनफेल्डमध्ये त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि मेळाव्याचा तो सलग अकराव्या वर्षी अध्यक्ष होता, कारण दुसरं कुणी उभं राहत नव्हतं. त्याने पत्र उलटसुलट करून पाहिलं. जर्मन त्याला फक्त शिव्यांपुरतं येत होतं.

"दीडशे थाळ्या छापून आणल्यात मी," तो म्हणाला. "प्रत्येकीवर 'ब्रॉकमायर, १६३८ पासून'. निळ्या अक्षरांत. भाजून पक्क्या केल्यात."

"त्यावर केक ठेवला की अक्षरं दिसत नाहीत," लोरेन म्हणाली.

"हे कुणाला बोलायचं नाही. आज तर नाहीच. तीन वाजता आत्या खुर्चीत बसणार. आईला कळलं तर..." आईला कळलं तर काय, हे तिघांनाही ठाऊक होतं.

त्याची आई हुल्डा, एर्विनची विधवा, ही माहेरची पोलकॉटर. पोलकॉटर आणि ब्रॉकमायर एकाच गावचे, एकाच जहाजाने आलेले. तिकडे ब्रॉकमायर जमीनदार आणि पोलकॉटर त्यांच्या वळचणीला झोपडीत राहणारे, असं टिलीने वंशावळीच्या तळटीपेत १९५३ सालीच नोंदवून ठेवलं होतं. आणि खुर्ची होती ती मूळपुरुषाने इथे आल्यावर स्वतःसाठी घडवलेली पहिली: मेपलचे पाय, हिकरी झाडाच्या सालीने विणलेली बैठक, खिळा नाही की सरस नाही. मेळाव्यात तिच्यावर एकच माणूस बसे. एर्विन वीस-पंचवीस वर्षं बसला. १९५८ साली त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून त्याच्या जागी हुल्डा बसली. एकदाच. बसताना हातात लोणच्यातल्या बीटची बशी होती, आणि एक थेंब बैठकीवर सांडला.

पुढल्या मेळाव्यात टिलीने नियम मांडला: ज्याच्या अंगात कुळाचं रक्त, अशा हयात माणसांतलं सर्वांत वयस्क असेल त्यानेच खुर्चीत बसावं, लग्नाने आलेल्यांना हा मान नाही. एकेचाळीस विरुद्ध बारा हातांनी नियम मंजूर झाला. बाराजणांत एर्विन होता. हुल्डाने हात वर केला तेव्हा टिली म्हणाली होती, "तुझा मोजत नाहीत."

टिली आता एक्याऐंशीची होती. हुल्डा त्र्याऐंशीची.

"सांगायलाच हवं," ज्युडिथ म्हणाली. "खोटं कसं चालवून घ्यायचं?"

"बरोबर आहे पोरीचं," लोरेन म्हणाली. "सत्तावीस वर्षं मला तळटीपा ऐकवल्यात. एकदा होऊनच जाऊ दे."

एवढ्यात टिली आवारात आली. तिने नवा पोशाख शिवला होता, फिकट जांभळा, आणि केस गावातल्या पार्लरमधून करून घेतले होते. एक्याऐंशी वर्षांत हे पहिल्यांदा. काखेत वंशावळीची गुंडाळी होती, बारा फूट मेणकापडाची. ती सरळ खुर्चीपाशी गेली, बैठकीवरचा तो एकवीस वर्षांपूर्वीचा डाग नखाने खरवडून पाहिला, आणि कुणी बघत नाही असं समजून क्षणभर पाठीवरच्या दांडीवर हात ठेवून उभी राहिली.

"नको," लोरेन हळूच म्हणाली. "उद्या सांगू."

"तू आत्ताच म्हणालीस..."

"आत्ता मी केस पाहिले नव्हते."

*

हुल्डाला कळायला फार वेळ लागला नाही. तिने सून, नात आणि मुलगा यांना अर्धा तास सॅलडमागे उभं पाहिलं, आणि तिघांतल्या एकानेही चव घेतली नाही. असं या घरात फक्त कुणी मेलं की होत असे.

"कोण गेलं?" तिने येऊन विचारलं.

"कुणी नाही, आई," रोलंड म्हणाला.

"मग तुझा चेहरा असा का? लोरेन, तू सांग. याला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, बापावर गेलाय."

लोरेनने सांगितलं. हुल्डा बाकावर बसून ऐकत राहिली. मध्ये फक्त एकदा तिने विचारलं, "गेर्ड म्हणजे आमच्या बर्न्डच्या बापाचा भाऊ?"

"सख्खा," ज्युडिथ म्हणाली. "बर्न्ड आणि हाइनरिश चुलत भाऊ. पाद्रीबुवांनी दोघांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा दिल्यात."

बर्न्ड पोलकॉटर हा हुल्डाचा पणजोबा. नॉयेनफेल्डच्या कब्रस्तानात त्याचा दगड ब्रॉकमायरांच्या कुंपणापासून मुद्दाम नऊ फूट लांब पुरलेला आहे.

"म्हणजे आई-बाबा एकाच कुळातले," रोलंड म्हणाला. त्याला हे आत्ताच सुचलं होतं. "मग मी कोण?"

"तू अध्यक्ष," हुल्डा म्हणाली. मग तिला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग बाक. तिने ऍप्रनने डोळे पुसले. "एकसष्ट वर्षं," ती म्हणाली. "एकसष्ट वर्षं तिच्या घरात मी बाहेरची."

लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात सासऱ्याने तिला कामाची खुबी दाखवली होती. पाय ओल्या लाकडाचे करायचे, आडव्या दांड्या चुलीपाशी ठेवून कोरड्या ठणठणीत करायच्या, आणि ठोकून बसवायच्या. पाय पुढे वाळत जातात तसे आकसतात आणि दांडीला असे आवळतात की खिळ्याची गरज उरत नाही. "बाहेरून येणारी दांडी कोरडी हवी," म्हातारा म्हणाला होता. हुल्डाला तो सल्ला वाटला होता, आणि नणंदेच्या घरात तिने तो तंतोतंत पाळला होता.

"मग काय करायचं, आजी?" ज्युडिथने विचारलं.

हुल्डाने घड्याळ पाहिलं. पावणेदोन. हातातलं हत्यार चांगलं होतं, इतकं चांगलं तिच्या हाती कधी आलं नव्हतं, आणि आवारात एकशे अठरा माणसं होती. तिने टिलीकडे पाहिलं. टिली मेणकापड धुराड्याच्या भिंतीवर टांगत होती आणि कुणालाही खिळ्याला हात लावू देत नव्हती.

"जा, तिला नेऊन दे," हुल्डा म्हणाली. "आत, स्वयंपाकघरात. चारचौघांत नको. आणि तिचा वाचायचा चष्मा घेऊन जा, नाही तर म्हणेल अक्षर लागलं नाही."

"आणि तू?"

"मी बीट घेते," हुल्डा म्हणाली.

*

आवारातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, तिच्यावर कॉफीची मोठी किटली होती. टिलीने पत्र उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, बोट ओळीखाली ठेवून. दारात रोलंड, लोरेन आणि ज्युडिथ दाटीने उभे होते.

"सव्वीस वर्षं मी ही नावं गाण्यासारखी म्हणत आले," टिली म्हणाली. "गेर्ड ब्रॉकमायर, त्याचा बाप योहान ब्रॉकमायर, त्याचा बाप कास्पर." तिने पत्र गुडघ्यावर ठेवलं. "योहान आमचा कुणी नाही."

"टिलीआजी, सॉरी. मी तुला सातवी पिढी..."

"तारखा तपासल्यास?"

"हो."

"लग्नाची नोंद? साक्षीदार?"

"दोन साक्षीदार. दोघांच्या सह्या आहेत."

टिलीने मान हलवली. चांगल्या कामाला ती नेहमी अशीच मान हलवत असे.

रोलंड पुढे झाला. "आत्या, हे बघ. पत्र एकच आहे. चूल इथे आहे. मी काही पाहिलेलं नाही, लोरेनने काही पाहिलेलं नाही. पोरीचं जर्मन तसंही कच्चं आहे."

"बाबा!"

"तू तीन वाजता खुर्चीत बस. वर्षभर बस. पुढचं पुढे."

टिली चुलीकडे बघत राहिली. १९२१ साली वाल्डेमार श्लुटर नावाच्या बेकरीवाल्याने तिला मागणी घातली होती. देखणा होता, दोघांचं पटत होतं, आणि त्याचा मनुक्यांचा पाव तीन गावांत नावाजलेला होता. तिने नकार दिला. कारण घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं: लग्न केलं की आडनाव श्लुटर झालं असतं. तिने ब्रॉकमायर राहायचं ठरवलं, आणि ती राहिली.

"नाव बाहेर ठेवलं आणि आत गेला," ती म्हणाली. "गेर्ड. गपगुमान."

"कोण आत गेला?" रोलंडने विचारलं.

"आणि मी पाव सोडला." ती उठली. "रोलंड, मी बेचाळीस वर्षं काउंटीच्या नोंदणी कचेरीत काढली. नोंद चुकली तर काय करायचं असतं?"

"खोडायचं?"

"मूर्खा. खोडायचं कधीच नाही. लाल रेघ मारायची, चुकीचं वाचता येईल अशी. वर बरोबर लिहायचं, तारीख घालायची आणि सही करायची. चूक कुणाची हे पुढच्याला कळलं पाहिजे." तिने पर्स उघडली. निवृत्त होऊन तिला सोळा वर्षं झाली तरी लाल पेन्सिल पर्समध्ये असायचीच. "केस विस्कटलेत का?"

"नाही, आत्या," लोरेन म्हणाली. "सुंदर दिसताय तुम्ही."

"मग चला. तीन वाजतायत. आणि ही चूल विझवा, ऑगस्टमध्ये कुणी पेटवली?"

*

तीन वाजता रोलंडने बशीवर चमचा वाजवला. एकशे अठरा माणसं गप्प झाली. एकशे सतरा म्हणायला हरकत नाही, कारण हुल्डा पुढच्या बाकावर बीट खात होती आणि काटा वाजत होता.

टिली मेणकापडासमोर उभी राहिली. तिने भाषण केलं नाही. पत्रातला मजकूर तारखांसह सांगितला, जसा कचेरीत खिडकीतून सांगायची तसा. मग पेन्सिल काढली आणि योहान, कास्पर आणि त्यांच्या मागच्या तिघांवरून एक सरळ लाल रेघ ओढली. मेणकापडावर पेन्सिल नीट उमटेना. तिने ती जिभेवर ओली केली आणि पुन्हा ओढली. गेर्डच्या वर तिने 'पोलकॉटर' लिहिलं, तारीख घातली, सही केली.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आता थाळ्या परत करायच्या?"

"ठेवा," टिली म्हणाली. "वर्ष चुकलंय, थाळी नाही." मग ती वळली. "खुर्चीचा नियम मी लिहिलाय. कुळाचं रक्त, आणि त्यात सर्वांत वयस्क. मी एक्याऐंशीची. पोलकॉटर रक्ताची इथे एक त्र्याऐंशीची आहे." "हुल्डा, ऊठ."

हुल्डा उठली नाही. "मी लग्नाने आलेली," ती म्हणाली. "माझा हात मोजत नाहीत."

"आता मोजतात."

"सगळ्यांसमोर सांग."

"सगळ्यांसमोरच सांगतेय ना! एकशे अठरा आहेत, मी मोजलेत. ऊठ म्हणते ना."

हुल्डाने बशी लोरेनच्या हाती दिली, ऍप्रन झटकला आणि चालत गेली. दोघी खुर्चीच्या दोन बाजूंना होत्या. टिलीने पाठ धरून खुर्ची नीट केली, पाहुण्यासाठी करतात तशी. हुल्डा बसली. डावीकडे जरा सरली, मग उजवीकडे. तिच्या कपाळावर आठी पडली.

"हलते," ती म्हणाली.

मूळपुरुषाच्या हातची ती खुर्ची १८४७ सालची. एकशे बत्तीस वर्षांत हे वाक्य कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"जमीन उंचसखल आहे," टिली ताबडतोब म्हणाली. या घरातली सगळी पोरं हे वाक्य बोलायला शिकल्याबरोबर शिकत.

"जमीन नाही. मागचा डावा पाय आखूड आहे. तुझा आजा पाठीमागे झुकून पाइप ओढायचा, त्यात झिजला." हुल्डा शांतपणे बोलत होती. "एर्विन बसायचा तेव्हा दरवर्षी सकाळी मीच त्याखाली कागद सारायचे. आज मला कुणी सांगितलं नाही."

"कसला कागद?"

"तुझाच. मेळाव्यात वाटतेस ना, ती छापील वंशावळ. त्याआधी चर्चचं पत्रक वापरायचे, पण ते पातळ पडायचं. तुझी घडी भक्कम होते."

कुणीतरी खोकलं. रोलंड जमिनीकडे बघू लागला. टिली हुल्डाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय येतंय ते पुढच्या रांगेलाही कळेना. मग तिने टेबलावरच्या गठ्ठ्यातून यंदाची छापील वंशावळ उचलली, सहा पिढ्यांची, १६३८ वाली. मधोमध घडी घातली. पुन्हा घातली. पायाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि आणखी एक घातली.

"आत्या, मी करतो," रोलंड धावला.

"लांब हो."

ती नव्या पोशाखासकट गवतावर गुडघे टेकून बसली, खुर्चीचा पाय अंगठ्याने उचलला आणि योहान-कास्परांची घडी त्याखाली सारली.

"आता?"

हुल्डाने डावीकडे वजन टाकलं, मग उजवीकडे. पाठ टेकली. पुन्हा एकदा डावीकडे.

"आता नाही हलत."

टिली लोरेनच्या हाताला धरून उठली आणि गुडघ्यांवरचं गवत झटकलं. मग लोरेनच्या हातातली बशी घेतली आणि हुल्डाच्या मांडीवर ठेवली.

"सांडू नकोस," ती म्हणाली.